धुण्याच्या दगडाखालचं पाणी

दुपारी तीन वाजता बाविस्करदादांनी सूर्य गटारात सोडला.

हे त्यांचेच शब्द. चेंबरचं लोखंडी झाकण पहारीने सरकवायचं, आतली वाफ निघून जाऊ द्यायची आणि मग दोन आरसे काढायचे. मोठा आरसा त्यांच्या घरच्या मोडलेल्या कपाटाचा होता. तो ते रस्त्यात उभं राहून छातीशी धरत आणि उन्हाचा झोत खाली पाठवत. दुसरा न्हाव्याकडे असतो तसा गोल, लांब बांबूला तिरका बांधलेला. तो चेंबरच्या तळाशी, पाइपाच्या तोंडासमोर. वरून उतरलेलं ऊन त्यावर आदळून आडवं वळायचं आणि पाइपात शिरायचं. कुणालाही खाली उतरावं लागत नसे. मी कडेला पोतं टाकून पालथी पडायचे आणि त्या गोल आरशात बघायचे.

"दिसलं का?" दादांनी विचारलं.

"दिसलं."

"काय दिसलं?"

"पाणी."

"गटारात पाणी. एम.एस्सी. झाल्याचं सार्थक झालं म्हणायचं."

"दादा, स्वच्छ पाणी आहे."

आरसा त्यांच्या हातात जरा हलला असावा, कारण खाली सगळा पाइप एकदम लकाकला. लांबच लांब गोल खोलीतून कुणी दिवा घेऊन चालत जावं तसं ऊन आत गेलं होतं. पाणी पाइपाच्या निम्म्याला होतं आणि त्याला आवाज नव्हता. तळाशी वाळूचे कण दिसत होते. थोडा वेळ मिळाला असता तर ते मोजता आले असते, असं मला वाटलं.

गावात नळ सकाळी सहा ते आठ येत. आंघोळी, धुणी, भांडी सगळं दहापर्यंत उरकायचं. दुपारी तीनला त्या पाइपात बोटभर पाणी असायला हवं होतं, आणि तेही साबणाचं. पाऊस तर आठ दिवस झाला नव्हता. म्हणजे हे पाणी कुणी वापरलेलं नव्हतं आणि आभाळातून नुकतं पडलेलंही नव्हतं.

ही अठ्ठ्याऐंशी सालच्या श्रावणातली गोष्ट. गिरणेच्या खोऱ्यातल्या एका लहान गावात मी नगरपालिकेच्या पाणी तपासणीच्या खोलीत केमिस्ट होते. वय सव्वीस. खोलीत एक टेबल, एक तराजू आणि काचेच्या बाटल्या. बाविस्करदादा ड्रेनेजचे मुकादम. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती आणि गावाच्या जमिनीखालचा नकाशा कागदावर कुठेच नव्हता, त्यांच्या डोक्यात होता.

तांबट गल्ली उतारावर आहे. वरच्या टोकाला सरूआत्यांचं घर, खालच्या टोकाला नाल्याच्या अलीकडे वत्सलाबाई खैरनारांचं. मधे सव्वादोनशे मीटर आणि आठ चेंबर. मैल्याचा पाइप गल्लीच्या मधोमध जमिनीखालून जायचा. पावसाच्या पाण्यासाठी कडेने उघडं गटार वेगळं होतं. या दोन पाण्यांनी वाटेत एकमेकांना भेटायचं नाही, एवढा साधा हिशेब. पण मोठा पाऊस झाला की वत्सलाबाईंच्या मोरीच्या भोकातून गल्लीभरची घाण उलटी वर यायची आणि स्वयंपाकघरापर्यंत पसरायची. दर पावसाळ्यात तीनदा, चारदा. पाइप लहान पडतो, असं फाइलमध्ये लिहिलेलं होतं. मोठा पाइप मंजूर व्हायला पाच वर्षं लागणार होती.

आषाढात आम्ही चार घरांच्या गच्चीचे पाइप शोधून काढले होते. ते थेट मैल्याच्या चेंबरमध्ये सोडलेले. "गच्चीचं पाणी चांगलं असतं, त्याने गटार धुऊन निघतं," असं लोक म्हणायचे. दादांनी कुणाशी भांडून, कुणाचा चहा पिऊन चारही पाइप उघड्या गटारावर वळवले. वत्सलाबाईंच्या मोरीतलं पाणी वीतभर कमी चढलं. पण चढलं.

त्या दिवशी आम्ही झाकण लावत होतो तेव्हा त्या चहा घेऊन आल्या. त्या ब्लाउज शिवायच्या. गळ्यात टेप कायम असायचा.

"ताई, पोळा कधी आहे ते ठाऊक आहे ना?" त्यांनी मला विचारलं.

"सहा दिवसांनी."

"मंगलच्या सासूचा निरोप आलाय. पोळ्याच्या आत काय ते सांगा, नाहीतर आम्ही इथेच दवाखान्यात नाव घालतो."

मंगल त्यांची थोरली लेक. मालेगावला दिली होती, सातवा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी. आदल्या वर्षी मंगलचे सासरे पाहुणे म्हणून आले असताना मोरी उलटली होती आणि त्यांच्या चपला ओसरीवरून तरंगत अंगणात गेल्या होत्या.

"त्यांचं म्हणणं चूक नाही," वत्सलाबाई म्हणाल्या. "गटारातल्या घरात आमची सून बाळंत होणार नाही, असं म्हणाले. मी आई असून मला तोंड वर करता आलं नाही." त्यांनी कप गोळा केले. "तिचा पलंग कुठे टाकायचा तेसुद्धा मी ठरवून ठेवलंय. खिडकीखाली."

दादा म्हणाले, "वत्सलाबाई, आमच्या बाईंना आज गटारात स्वच्छ पाणी दिसलंय. उद्या मासे दिसतील. काळजी करू नका."

त्या हसल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी आठही चेंबरमधून दोरीने बाटल्या सोडून पाणी काढलं. प्रत्येकात एका औषधाचे दोन थेंब टाकायचे. मैला असेल तर पाणी तपकिरी होतं, थोडा असेल तर पिवळं. आठव्या चेंबरचं पिवळं झालं. सातव्या, सहाव्याचं फिकट पिवळं. वर वर जावं तसा रंग जात चालला होता. तिसऱ्याचं पाणी थेंब पडल्यावरही होतं तसंच राहिलं, काचेसारखं. हात लावला तर गार.

दुसरं चेंबर कोरडं होतं. तळाला एक वाळलेलं पान पडलेलं.

"दोन आणि तीनच्या मधे काय आहे, दादा?"

दादांनी पहार खांद्यावर घेतली आणि वर बघितलं. "सरूआत्या."

आत्या सत्तरीच्या पुढच्या. नवरा गवंडी होता. सगळी गल्ली त्याला मिस्तरी म्हणायची. तो जाऊन सात वर्षं झाली होती. आत्या एकट्या राहायच्या, पण त्यांच्या दारात बायकांची ये-जा फार. आम्ही अंगणात शिरलो तेव्हा त्या खाटेवर शेंगा फोडत बसल्या होत्या.

"आत्या, तुमच्या अंगणात चेंबर आहे का?" मी विचारलं.

"अंगणात तुळस आहे, कढीपत्ता आहे आणि मी आहे. चेंबर-बिंबर नाही व माय."

"परसात विहीर होती ना तुमच्या?" दादांनी विचारलं.

"होती. नळ आले त्या साली तुझ्याच नगरपालिकेने तिच्यावर स्लॅब टाकला. तूच होतास घमेलं उचलायला."

"होतो," दादा म्हणाले आणि शेंगा उचलून खाऊ लागले.

कोपऱ्यात धुण्याचा मोठा काळा दगड होता. त्याच्यावर साबणाचा बुळबुळीतपणा नव्हता. दगड कोरडा ठणठणीत, आणि एका कडेला, खाचेत, हळद चिकटलेली. वर जुन्या कुंकवाचा डाग.

"आत्या, धुण्याच्या दगडाला हळदीकुंकू?"

"दगड माझा, हळद माझी. नगरपालिकेचं काय गेलं?"

माझ्या चपलेत खडा गेला होता. मी त्या दगडावर बसले आणि चप्पल काढली. तेव्हा मला ते ऐकू आलं. शेजारच्या खोलीत कुणीतरी स्वतःशीच, न थांबता, हलक्या आवाजात बोलत असावं तसं. शब्द कळत नाहीत, पण माणूस तिथे आहे हे कळतं. मी खडा काढून टाकल्यावरही तशीच बसून राहिले. किती वेळ ते मला सांगता येणार नाही, आणि मी वेळ न सांगणारी बाई नाही. ऊन अंगणात पसरलं होतं, कढीपत्त्याची सावली दगडापर्यंत आली होती आणि माझ्या खालून पाणी चाललं होतं.

डोळे उघडले तेव्हा आत्या माझ्याकडे बघत होत्या. शेंगा फोडायच्या थांबल्या होत्या.

"येतं का ऐकू?" त्यांनी हळूच विचारलं.

मी मान हलवली.

लगेच त्यांचा चेहरा मिटला. "उन्हाने कान वाजतात कधी कधी," त्या म्हणाल्या. "घरी जाऊन झोप जरा."

संध्याकाळी मी वत्सलाबाईंकडे गेले. त्या मशीनवर होत्या. मी सांगितलं की तुमच्या मोरीत येणारं पाणी कुठून निघतं ते कळलं आहे, आत्यांच्या अंगणातल्या दगडाखालून.

मशीन थांबलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "ते पाणी चांगलं आहे."

"तुम्हाला ठाऊक आहे तिथे पाणी आहे ते?"

त्यांनी सुईतला दोरा काढला आणि पुन्हा ओवला.

"चांगलंच आहे ते," मी म्हणाले. "म्हणूनच तर." मी त्यांच्याकडे पेला मागितला, निम्मा भरला, शेजारी तांब्या ठेवला. "हा पेला म्हणजे पाइप. तो दिवसभर निम्मा भरलेलाच असतो, चांगल्या पाण्याने. मोठा पाऊस झाला की झरा वाढतो, मग पाऊणच्या वर. आता गल्लीचं सांडपाणी याच्यात ओता." मी ओतलं. पाणी पेल्याच्या काठावरून त्यांच्या कात्रणांवर सांडलं. "घाण थोडीच आहे, वत्सलाबाई. तिला जागा नाही, म्हणून ती तुमच्याकडे येते. पाइप लहान नाही. त्याच्यात भलतंच पाणी आहे."

त्या भिजलेल्या कात्रणांकडे बघत राहिल्या.

"तेच पाणी कशावरून? पाण्यावर नाव असतं का?"

"नाव घालता येतं. रंग टाकायचा. तिथे टाकला आणि तुमच्या दाराशी आला तर तेच."

"आणि नाही आला तर?"

"तर मी चुकले."

कात्रणं पिळत त्या म्हणाल्या, "आत्यांशी मी बोलते. तुम्ही बोललात तर त्या दगडावर बसून राहतील आणि जेवायलासुद्धा उठणार नाहीत."

त्या दोघींचं काय बोलणं झालं ते मला कधीच कळलं नाही. पण दोन दिवसांनी दुपारी आम्ही गेलो तेव्हा आत्या नऊवारी नेसून, केस विंचरून बसल्या होत्या. दादांनी आणि शेजारच्या दोन तांबटांनी पहारींनी दगड सरकवला.

खाली विटांचं लहानसं चेंबर होतं, सुबक, आतून गुळगुळीत गिलावा केलेलं. परसाच्या बाजूने चिनी मातीचा पाइप आला होता. त्यातून मनगटाएवढी धार पडत होती, आणि दुसऱ्या पाइपाने गल्लीकडे जात होती.

"मिस्तरींचं काम," दादा म्हणाले. त्यांच्या आवाजात कौतुक होतं. "कोपरे बघा बाई. गटाराला असे कोपरे कुणी करत नाही."

"गटार म्हणून केलंच नव्हतं," आत्या म्हणाल्या. "स्लॅब टाकला त्या पावसाळ्यात झरा उठला. बाहेर यायला वाट नाही. मागची भिंत ओली झाली, मग खचली. मी नगरपालिकेत चारदा गेले. शेवटी यांनी एका रात्रीत पाइप टाकला. मला म्हणाले, सरू, कुणाला सांगू नको, हेही बंद करतील. आणि बायकांना म्हणाले, विहीर गेली नाही, इथून जाते, हवं तर ऐका."

"मग हळदीकुंकू—"

"आधी तुझं काम कर," आत्या म्हणाल्या. "तो रंग दाखव."

मी पुडी उघडली. ती पूड शेंदरासारखी असते, तांबडी-नारिंगी. आत्यांनी वाकून बघितलं.

"हे तर कुंकू आहे."

"दिसतं तसं. पाण्यात पडलं की हिरवं होतं."

"विषारी?"

"नाही."

"मग मला दे. तुझ्या हातून नको."

त्यांनी चिमूट घेतली, चिमटीतल्या रंगाकडे क्षणभर पाहिलं आणि पाण्यावर सोडली, कुंकू वाहतात तशी. पुन्हा एक चिमूट. तिसरी. पाण्यात तांबडे धागे सुटले आणि बघता बघता त्यांचे हिरवे झाले, मग सगळी धारच हिरवी, आतून उजेड लावल्यासारखी. आत्यांनी हात मागे घेतला. त्यांच्या बोटांना रंग लागला होता.

मी घड्याळ बघितलं. तीन वाजून चार मिनिटं. वत्सलाबाई खाली, त्यांच्या दारासमोरच्या आठव्या चेंबरपाशी उभ्या होत्या. झाकण काढून ठेवलेलं होतं. माझ्या हिशेबाने अकरा मिनिटं लागणार होती.

मी पाण्याच्या वेगाने गल्ली उतरू लागले. सेकंदाला एक फूट. इतकं हळू माणूस सहसा चालत नाही. इतकं हळू चाललं की सगळंच दिसतं. तांबटांच्या घरातून हंड्यावर हातोडीचे ठोके पडत होते, त्यांचं अंतर सारखं होतं. एका उंबऱ्यावर कुणाचं तरी लहान मूल झोपलं होतं, तोंडावर माशी. मातीचे बैल ओळीने वाळत ठेवले होते, पोळ्यासाठी. आणि माझ्या पावलांखाली, हातभर जमिनीच्या पलीकडे, माझ्याबरोबर, एक हिरवा उजेड चालला होता आणि ते फक्त मला ठाऊक होतं. चौथ्या चेंबरच्या झाकणावर एक कुत्रं बसलं होतं. ते उठलं, झाकण हुंगलं आणि पुन्हा बसलं.

तीन वाजून पंधरा मिनिटांनी मी वत्सलाबाईंच्या शेजारी पोचले. पाणी करडं होतं.

सोळा.

"नाही आलं," वत्सलाबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात सुटका होती.

सतराव्या मिनिटाला करड्या पाण्याची कड उजळली. मग ते आलं, रुंद, सावकाश, पाहुणा दारात येतो तसं, आणि सगळं चेंबर हिरवं झालं. खालून तो उजेड वत्सलाबाईंच्या हनुवटीवर पडला.

त्या खाली बसल्या. दोघीही त्यात बघत होतो.

"ताई," त्या शेवटी म्हणाल्या, "हे मीच बोलावलं होतं."

"काय?"

"आमच्यात बाळंतीण सव्वा महिन्याने विहीर पूजते. हळदीकुंकू वाहायचं, घुगऱ्या ठेवायच्या. आणि या गल्लीत विहिरीला एक सांगायचं असतं. वाकून, कुणाला ऐकू जाणार नाही असं." त्या थांबल्या. "म्हणायचं, माय, तू माझ्या घरी ये. म्हणजे घरात पाणी आटत नाही. अंगावरचं दूध आटत नाही. मंगलच्या वेळी विहीर उघडी होती, तेव्हा म्हटलं. धाकट्याच्या वेळी दगड होता, दगडाला कान लावून म्हटलं. गल्लीतल्या सगळ्या म्हणतात."

त्यांनी पदराने तोंड पुसलं.

"ती येतच होती. मी दरवेळी झाडूने हाकलत होते."

पाणी पुन्हा करडं होईपर्यंत मी त्यांच्या शेजारी बसले.

नगरपालिकेतल्या आमच्या साहेबांना मी त्याच संध्याकाळी सांगितलं. ते म्हणाले, "उत्तम. पाइप बुजवून टाका. विहिरीचं नंतर बघू." मी म्हटलं, नुसता पाइप बुजवला तर पाणी आत्यांच्या भिंतीखाली उठेल, आधी स्लॅब फोडून विहीर मोकळी करायला हवी. ते म्हणाले, त्याला वेगळी मंजुरी लागते.

आत्यांनी एकच विचारलं. "नंतर म्हणजे कधी?"

मी सांगू शकले नाही. त्यांनी दादांना पुन्हा दगड लावायला सांगितलं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी वत्सलाबाई माझ्या खोलीत आल्या. काचेच्या बाटल्यांकडे बघत उभ्या राहिल्या.

"आज निरोप धाडला तरच तो वेळेत पोचेल," त्या म्हणाल्या. "मंगलला घेऊन या म्हणून सांगू का? तुम्ही हो म्हणा, नाही म्हणा. जे म्हणाल ते."

मी मोजल्याशिवाय काही म्हणत नसे. काम झालेलं नव्हतं. पाऊस पडलेला नव्हता. खिशात एकही आकडा नव्हता.

"सांगा," मी म्हणाले.

त्या गेल्यावर मी दादांना विचारलं, "उद्या ऑफिसला सुट्टी आहे ना?"

"पोळा आहे."

"घणाचा घाव तुम्ही घालाल की तांबटांना सांगायचं?"

दादांनी माझ्याकडे नीट बघितलं. "तो स्लॅब मी टाकलाय," ते म्हणाले. "दुसऱ्याला कशाला सांगता?"

सकाळी सहापासून त्यांनी घाव घातले. तांबट आलटून पालटून मदतीला. गल्लीतल्या बायका परसाच्या भिंतीला लागून उभ्या होत्या. दहाच्या सुमाराला पहिला तुकडा आत पडला आणि खालून पाण्याचा आवाज आला. दुपारपर्यंत पूर्ण तोंड मोकळं झालं. पाणी हातभर खोल होतं, काठापासून. पंधरा वर्षांनी त्यात आभाळ दिसलं. आत्या वाकून बघत होत्या, आणि त्यांच्यामागून एकेक बाई वाकली, तेव्हा सगळ्यांचे चेहरे पाण्यात आभाळाच्या कडेने गोल उमटले.

मग दादांनी चिनी मातीच्या पाइपात विटा आणि सिमेंट ठोकून भरलं. आम्ही वाट बघत बसलो. पाणी बोटाबोटाने चढत होतं. मी पट्टी लावून लिहीत होते. साडेचारला ते विहिरीच्या कठड्यातल्या जुन्या दगडी खाचेला लागलं, खाचेतून गुरांच्या हौदात पडलं, आणि हौद भरल्यावर उघड्या गटाराने नाल्याकडे निघालं. बाहेर बैलांची मिरवणूक चालली होती. शिंगं रंगवलेला एक बैल दोर ओढत परसाच्या फाटकातून आत आला आणि त्याने हौदाला तोंड लावलं. कुणी त्याला अडवलं नाही.

आत्या म्हणाल्या, "बघ, ह्याला मंजुरी लागली नाही."

मला मात्र लेखी खुलासा द्यावा लागला. मी तो दोन पानांत, आकड्यांसकट दिला.

मंगल पोळ्यानंतर चार दिवसांनी आली. मोठा पाऊस भाद्रपदात आला, एका दुपारी, बाराला सुरू झाला तो थांबेना. मी छत्री घेऊन वत्सलाबाईंकडे गेले. खिडकीखालच्या पलंगावर मंगल कुशीवर झोपली होती. वत्सलाबाई मोरीसमोर पाटावर बसल्या होत्या, शेजारी झाडू. मीही बसले. पाऊस कौलांवर एकसारखा पडत होता आणि आम्ही दोघी जमिनीतल्या तीन इंचांच्या भोकाकडे बघत होतो. चार वाजता भोकातून एक बुडबुडा निघाला. वत्सलाबाईंनी झाडू उचलला. बुडबुडा फुटला. मग नुसतं भोक.

सहाला पाऊस ओसरला.

"कुणी आलं नाही," वत्सलाबाई म्हणाल्या. झाडू कोपऱ्यात ठेवला. दारापर्यंत गेल्या, परत आल्या, मोरीवर तांब्याभर स्वच्छ पाणी ओतलं आणि ते खाली जाताना बघत राहिल्या. "बरं झालं," त्या म्हणाल्या. पण वाट बघून कुणी न आल्यावर म्हणतात, तसं.

मंगलला दिवाळीनंतर मुलगी झाली. सव्वा महिन्याने तिने विहीर पूजली, पंधरा वर्षांनी उघड्या विहिरीची पहिली पूजा. मला बोलावणं होतं. हळदीकुंकू झालं, घुगऱ्या ठेवल्या आणि सांगायची वेळ आली. मंगल वाकली आणि थांबली. मागे बायका गप्प. सगळ्यांच्या मनात एकच होतं. तिने आईकडे वळून बघितलं.

वत्सलाबाईंनी काही खूण केली नाही.

मंगल पुन्हा वाकली. हलक्या आवाजात बोलायचं असतं, पण विहिरीत आवाज घुमतो.

"तू इथेच राहा, माय," ती म्हणाली. "मी येत जाईन."

आत्यांनी पहिल्यांदा घुगऱ्यांची मूठ उचलली आणि शेजारणीच्या हातावर ठेवली. मग सगळ्याच बोलायला लागल्या.

पुढच्या वर्षी माझी बदली झाली. नंतर मी बऱ्याच शहरांच्या जमिनीखालचं पाणी शोधलं. आता पाइपात कॅमेरा सोडतात, पडद्यावर चित्र दिसतं. कॅमेऱ्याच्या दिव्यात ते ऊन नसतं.

गेल्या वर्षी एका कामाने त्या बाजूला गेले होते, तेव्हा तांबट गल्लीत गेले. आत्या नाहीत, दादा नाहीत, वत्सलाबाईंच्या घरावर दुसरं नाव. परस मात्र आहे. विहिरीवर लोखंडी जाळी आहे, जाळीला एक दार आहे, आणि त्या दारापाशी चार-पाच बायका जमल्या होत्या. एक कोवळी मुलगी तान्हं बाळ घेऊन वाकली होती. पन्नाशीची एक बाई तिला सांगत होती. मी तिला ओळखत नव्हते, तीही मला नाही.

"म्हण, तू इथेच राहा, माय. मी येत जाईन."

"असंच का म्हणायचं, मावशी?"

"असंच म्हणतात. पहिल्यापासून. माझ्या सासूने मला सांगितलं, तिला तिच्या सासूने."

मुलीने म्हटलं. मी फाटकाशी उभी होते. मावशीने मला हाक मारली, "बाई, कोण तुम्ही? घुगऱ्या घ्या, न घेता जायचं नसतं."

मी ओंजळ पुढे केली. शेजारी हौद भरून वाहत होता. पाणी सगळ्यांच्या देखत, उन्हातून, नाल्याकडे चाललं होतं.